‘नो केमिकल’ विकणाऱ्या ताईंना, त्यांना सर्टिफिकेट विकणाऱ्यांना, आणि सरकारलाही

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. वाचून झाल्यावर शिव्या घालायच्या असतील तर जरूर घाला, फक्त पूर्ण वाचून घाला.

परवा ओळखीतल्या एका बाईंनी व्हॉट्सअॅपवर जाहिरात पाठवली. शुद्ध कोरफड जेल, घरी बनवलेलं, नो केमिकल, नो प्रिझर्व्हेटिव्ह, लहान बाळांनाही चालेल, मुदत १२ महिने. मी ती तीनदा वाचली. कोरफडीचा गर म्हणजे जवळपास ९९ टक्के पाणी. ओट्यावर राहिलेला गर दुसऱ्या दिवशी कसा वास मारतो हे कोरफड सोललेल्या कुठल्याही बाईला विचारा. तोच गर डबीत भरून वर स्टिकर लावलं की वर्षभर टिकतो? दोनच शक्यता आहेत. एक तर त्यात प्रिझर्व्हेटिव्ह आहे आणि बाई खोटं बोलतायत. किंवा खरंच नाहीये, आणि मग बाळाच्या अंगाला जे लागणार आहे त्याला जेल म्हणायचं ही निव्वळ सभ्यता झाली.

खरं सांगू? मी देवाकडे पहिली शक्यता मागते. खोटं बोलत असू देत.

माझी ओळख थोडक्यात. एका कॉस्मेटिक कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर माझी १९ वर्षं गेली. काम काय, तर प्रत्येक बॅचचं क्रीम घ्यायचं, पातळ करायचं, प्लेटवर ओतायचं, उबेत ठेवायचं आणि मग त्यावर उगवलेले ठिपके मोजायचे. क्रीमच्या एका ग्रॅममध्ये १००० च्या वर जिवाणू नकोत ही सर्वसाधारण मर्यादा. बाळाच्या किंवा डोळ्याच्या वस्तूसाठी जगभरात १०० धरतात. आणि स्यूडोमोनास किंवा स्टॅफिलोकोकस ऑरियससारखी मंडळी दिसली तर मोजायचंही नाही, बॅच सरळ बाद. या १९ वर्षांत मी एक गोष्ट शिकले. खराब झालेलं क्रीम बहुतेक वेळा खराब दिसत नाही. रंग तोच, वास तोच, हाताला लागणंही तेच. बुरशीचा काळा ठिपका डोळ्याला दिसतो तेव्हा आतली जत्रा केव्हाच भरलेली असते.

आता मूळ गोष्ट. माझी मामेबहीण इचलकरंजीला असते. नवरा यंत्रमागावर. माग कधी चालू, कधी बंद, तुम्हाला माहीतच आहे. तिने एक ऑनलाइन कार्यशाळा केली, दोन दिवसांची, साडेचार हजार रुपये भरून. शेवटी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मिळालं, ‘ऑरगॅनिक स्किनकेअर फॉर्म्युलेटर’. श्रावणात तिने कोरफड, गुलाबपाणी, बदाम तेल आणि मेण घालून साठ डब्या लोशन केलं आणि बचतगटातल्या बायकांना विकलं. तीन आठवड्यांनी फोन आला. “ताई, डबीच्या झाकणाला काळं काहीतरी आलंय गं. पुसून टाकलं तर चालेल का?”

मी म्हटलं, “अगं, साठच्या साठ परत माग. आत्ताच्या आत्ता.”

चाळीस परत आल्या. बाकीच्या वापरून संपल्या होत्या. एका बाईच्या मानेवर आणि हनुवटीवर पुळ्या उठल्या होत्या, ती वर्गणीत मागे बसायची आणि हिच्याशी बोलायची नाही. पैसे सगळ्यांचे परत केले. हे सगळं करताना ती रडत होती, आणि मला राग तिचा येत नव्हता. तिला जे शिकवलं त्याच्या वह्या मी पाहिल्या. त्यात काय होतं ऐका.

‘व्हिटॅमिन ई हे नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह आहे.’ नाही. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, म्हणजे ते अँटिऑक्सिडंट. जिवाणूंना त्याचं सोयरसुतक नाही. ‘मेण घातलं की तेल-पाणी एकजीव होतं.’ नाही होत. नुसतं मेण तेलाला घट्ट करतं, तेल-पाण्याचा संसार टिकवायला इमल्सिफायर लागतो. घोटल्यावर तासभर एकजीव दिसतं, मग डबीच्या तळाशी पाणी सुटतं, आणि त्या पाण्यात बुरशीची शेती होते. ‘लिंबाचा रस घाला, व्हिटॅमिन सी सीरम तयार.’ हे वाचून मी वही मिटली. व्हिटॅमिन सी सीरममध्ये साधारण १० ते २० टक्के अॅस्कॉर्बिक अॅसिड असतं. लिंबाच्या १०० ग्रॅम रसात ते ४०-५० मिलिग्रॅम. हिशोब करा, दोनशे पट कमी. रसात जे भरपूर असतं ते सायट्रिक अॅसिड, पाच-सहा टक्के, पीएच दोनच्या आसपास. शिवाय लिंबाच्या जातीत असे घटक असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग उठतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. उजळ व्हायला लावलं आणि काळं होऊन बसलं.

साडेचार हजार रुपयांत हे शिकवलं. साध्या वजनकाट्याबद्दल अक्षर नाही. सगळं चमच्यात.

आणि गंमत म्हणजे चांगलं लोशन करणं काही रॉकेट सायन्स नाही! आमटी जिला जमते तिला लोशन जमतं, फक्त चमचा बाजूला ठेवून काटा घ्यायला हवा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. सगळं ग्रॅममध्ये मोजायचं आणि बेरीज बरोबर १०० आली पाहिजे. मामेबहिणीला मी जे शिकवलं ते सांगते. पाणी ७२, ग्लिसरीन ४, तेल १६, इमल्सिफाइंग वॅक्स ६, प्रिझर्व्हेटिव्ह १, व्हिटॅमिन ई अर्धा, आणि उरलेला अर्धा पीएच जुळवायला लॅक्टिक अॅसिडचं पातळ द्रावण आणि पाणी. झाले १००. पाण्याचं भांडं आणि तेलाचं भांडं वेगवेगळं, दोन्ही ७०-७५ डिग्रीपर्यंत तापवायची, मग एकात एक ओतून ब्लेंडरने फिरवायचं, आणि थंड होईपर्यंत मधूनमधून फिरवत राहायचं. ४५ च्या खाली आलं की प्रिझर्व्हेटिव्ह. मग पीएचची पट्टी. कातडीचा पीएच पाचच्या आसपास असतो, लोशन ५ ते ५.५ ला आणून ठेवायचं. पाणी डिस्टिल्ड, आणि तेही गॅरेजवाल्याकडचं बॅटरीत घालायचं नाही. (हसू नका, वहीत तेच लिहिलं होतं.) डब्या-झाकणं आधी स्पिरिटने पुसून कोरडी. लोशनमध्ये बोट नाही, पंपाची बाटली.

यात ‘बॅलन्स’ म्हणतात तो असा असतो. ग्लिसरीन चारचं पंधरा केलं तर लोशन चिकट होतं, कोणी लावत नाही. तेल वाढवून वॅक्स तेवढंच ठेवलं तर फाटतं. सोडियम बेंझोएट घातलं आणि पीएच बघितलाच नाही तर प्रिझर्व्हेटिव्ह आत असून नसल्यासारखं, कारण ते आम्लात काम करतं. पाचच्या वर त्याचा जोर झपाट्याने ओसरतो आणि सहाला ते जवळपास निकामी होतं. फेनॉक्सीइथेनॉलला पीएचचं एवढं देणंघेणं नाही, पण त्याची कमाल मर्यादा १ टक्का. म्हणजे १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅम, आणि तो एक ग्रॅम चमच्याने मोजणार कसा?

पाणी नसेल तर प्रश्नच मिटतो. नुसतं तेल, नुसतं मेण-तूप-तेलाचं बाम, यात जिवाणू वाढायला पाणीच नाही. हात कोरडा ठेवा, डबीत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, झालं. मेख आहे ती फक्त पाण्याची. हे एक वाक्य त्या दोन दिवसांत कुणीतरी सांगितलं असतं तर साठ डब्या फुकट गेल्या नसत्या.

आता हमखास येणारा आक्षेप. “आपल्या आज्या कुठलं प्रिझर्व्हेटिव्ह घालत होत्या? त्यांची कातडी बघा!”

आजीवर माझाही जीव आहे. पण आजी काय करायची ते नीट आठवा. दिवाळीला उटणं कोरडं असायचं, पहाटे वाटीत भिजवलं, लावलं, धुतलं, वाटी पालथी. बेसन-साय त्या वेळेपुरती. मुलतानी माती तशीच. डबीत भरून बाथरूमच्या गरम-दमट फळीवर तीन महिने ठेवलेलं भिजवलेलं उटणं कुठल्या आजीने वापरलंय? टिकवायचं असेल तेव्हा ती तेल करायची, तूप करायची, पाणी उडेपर्यंत कढवायची. तुपातली बेरी खाली बसली आणि चुरचुर थांबली की गॅस बंद, हे तिला कळत होतं. म्हणजे पाणी आणि टिकणं यांचं वैर आजीला पक्कं ठाऊक होतं. तिचं नाव घेऊन पाण्याचं क्रीम वर्षभराच्या मुदतीने विकणं हा आजीचा अपमान आहे. लोणच्यात तिने मीठ कमी पडू दिलं नाही कधी. मीठ हे प्रिझर्व्हेटिव्हच की हो.

आणि “केमिकल” म्हणजे नक्की काय? पाणी केमिकल आहे. कोरफडीतून कापल्यावर गळतो तो पिवळा चीकही नैसर्गिकच, आणि तो न निथळता गर लावला तर कातडीची आग होते. या शब्दाची भीती आली कुठून तेही सांगते, कारण त्यात आपल्या घरगुतीवाल्यांपेक्षा मोठ्या कंपन्यांचा हात जास्त आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये एक अभ्यास आला, स्तनाच्या गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडल्याचा. पॅराबेनमुळे गाठ झाली असं त्यात सिद्ध झालेलं नव्हतं. पण बातमी झाली, आणि मार्केटिंगवाल्यांना घबाड मिळालं. जो तो बाटलीवर ‘पॅराबेन फ्री’ छापायला लागला. युरोपने पुढे काही पॅराबेन बंद केले हे खरं, पण मिथाइल आणि इथाइल पॅराबेन ०.४ टक्क्यांपर्यंत तिथे आजही चालतात. मग पॅराबेन काढून कंपन्यांनी घातलं काय? बऱ्याच जणांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन. त्याने युरोपात कातडीच्या अॅलर्जीची अशी लाट आणली की २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला ‘वर्षातलं अॅलर्जन’ ठरवलं, आणि लावून न धुण्याच्या वस्तूंतून युरोपला ते २०१७ पासून बंद करावं लागलं. भीतीपोटी जुनं, तपासलेलं सोडलं आणि आगीतून फुफाट्यात गेले. आपल्याकडे तर त्याही पुढची पायरी. काहीच घालू नका!

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील. “बघा, आम्ही म्हणतच होतो, हे घरगुती प्रकार बंदच करायला पाहिजेत, कंपनीचं घ्यावं गपचूप.” थांबा. तुमच्याशीही भांडायचंय.

माझ्या मामेबहिणीने नंतर चार महिने सराव केला. आठ बॅचेस केल्या. प्रत्येक बॅचचा कागद आहे तिच्याकडे, तारीख, वजनं, पीएच, खोलीचं तापमान. त्यातल्या शेवटच्या तीन मी एका लॅबमध्ये पैसे भरून तपासून घेतल्या. स्वच्छ. माझ्या कारखान्यातल्या काही बॅचेसपेक्षा स्वच्छ, हे मी शपथेवर सांगेन. आणि मग मला तिला सांगावं लागलं की बाई, हे लोशन तू विकू शकत नाहीस.

कारण १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे नियम. विक्रीसाठी क्रीम, लोशन, तेल काहीही बनवायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. रसायनशास्त्र किंवा फार्मसी शिकलेलं माणूस लागतं. स्वतंत्र जागा लागते, क्रीम-लोशनसाठी शिफारस २५ चौरस मीटरची. २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात आख्ख्या कुटुंबाला पूर्वी जेवढं घर मिळायचं, बरोबर तेवढं. म्हणजे एका कुटुंबाच्या घराएवढी जागा फक्त लोशनला काढा, आणि मग महिन्याला साठ डब्या विका. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात करून घ्यायची सोय कायद्यात आहे. पण तिथे फोन केला की पहिला प्रश्न येतो, “मॅडम, किती हजार पीस?”

परवाना नको असं मी म्हणत नाही. तोंडाला लावायच्या वस्तूवर जाब विचारणारं कुणीतरी हवंच. मी एवढंच म्हणते की आजच्या कायद्याच्या नजरेत काळं पडलेल्या साठ डब्या आणि नंतरचं तपासलेलं लोशन यांत काडीचा फरक नाही. दोन्ही बेकायदा. मग नीट करायची गरज काय? ज्या बाया पीएच बघतात त्या घाबरून गप्प बसल्या, आणि ज्यांना पीएच म्हणजे काय तेही माहीत नाही त्या बिनधास्त रील टाकून विकतायत. प्रामाणिक बाईला रोखणारा आणि बेफिकीर बाईला न दिसणारा असा हा नियम आहे.

याहून भयंकर प्रकार याच धुक्यात लपतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातल्या किडनीच्या एका विकाराच्या २२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या १५ जणांत एक विशिष्ट खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीमं वापरल्याचं सांगितलं. संशय पाऱ्यावर. आपल्या नियमांत पाऱ्याचं संयुग घालून प्रसाधन बनवायला बंदी आहे, चुकून आलाच तर डोळ्याची प्रसाधनं सोडून दहा लाखांत एक भाग एवढीच मुभा. कागदावर सगळं आहे. पण गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? पारा घालणाऱ्याच्या डबीवरही ‘हर्बल’ लिहिता येतं आणि माझ्या बहिणीच्या डबीवरही. नंबर दोघींच्याही डबीवर नाही.

बरं, छोट्या माणसासाठी वेगळी पायरी करता येत नाही म्हणावं तर आपल्याच देशात ती खाण्याच्या वस्तूंसाठी केलेली आहे. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी साधी नोंदणी आणली, फी वर्षाला १०० रुपये. पापड-लोणची करणाऱ्या लाखो बाया त्यामुळे उजेडात आल्या. पोटात जाणाऱ्या वस्तूला पायरी आहे आणि हाताला लावायच्या वस्तूला एकदम जिना! युरोपात आणि ब्रिटनमध्ये घरच्या स्वयंपाकघरात लोशन करून कायदेशीर विकता येतं, अट अशी की त्या ठरावीक फॉर्म्युल्याचा सुरक्षा अहवाल पात्र तज्ज्ञाच्या सहीने हवा आणि वस्तूची नोंद सरकारदरबारी हवी. अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात वर्षाला सरासरी १० लाख डॉलरच्या आत विक्री असणाऱ्यांना कारखाना नोंदणीतून सूट दिली, पण डोळ्याला लागणाऱ्या वस्तूंना सूट नाही, आणि आपली वस्तू सुरक्षित असल्याचा पुरावा ठेवणं छोट्या-मोठ्या सगळ्यांना बंधनकारक.

आपण काय करू शकतो? महाराष्ट्रात फार्मसी कॉलेजं गल्लोगल्ली आहेत. प्रत्येकात प्रयोगशाळा, प्रत्येकात उबवण्याची पेटी, आणि दुपारनंतर बहुतेक ठिकाणी कुलूप. जिल्ह्याला एका कॉलेजला हे काम द्या. सरकारने तज्ज्ञांकडून दहा-बारा तपासलेले फॉर्म्युले मराठीत जाहीर करावेत, साधं बॉडी लोशन, बाम, अंगाचं तेल. जी बाई त्याच प्रमाणात करेल, कॉलेजात आठवडाभर प्रत्यक्ष शिकेल आणि प्रत्येक बॅचचा नमुना देईल, तिला छोट्या उत्पादकाचा नोंदणी क्रमांक द्यावा. बाळांच्या वस्तू, डोळ्यांच्या वस्तू, गोरं करण्याचे दावे आणि अॅसिडची सीरमं यातून सरळ बाहेर ठेवा. आणि दोन दिवसांत ‘फॉर्म्युलेटर’ची सर्टिफिकेटं वाटणाऱ्यांना निदान एवढं तरी विचारा की तुमच्या वहीत प्रिझर्व्हेटिव्हचं पान कुठे आहे. बायकांच्या हाताला काम पाहिजे म्हणून गळा काढणाऱ्या प्रत्येक आमदाराला हे जमण्यासारखं आहे. बचतगटाच्या प्रदर्शनात फीत कापायला येता, तर तिथल्या डबीची मागची बाजूही एकदा वाचा.

मामेबहिणीचं काय झालं ते विचाराल. ती आता शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी विकते. पाकिटावर १४ आकडी नोंदणी क्रमांक आहे, दुकानदार ठेवून घेतात. लोशन वर्षातून दोनदा करते, घरापुरतं आणि माझ्यापुरतं. ०.०१ ग्रॅमचा काटा चटणीच्या डब्यांशेजारीच असतो. परवा गेले तेव्हा त्यावर हिंग मोजत होती.